सीटबेल्टावरची तारीख

जुनी गाडी बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी बोनेट उघडतो. आत काय बघायचं ते त्याला माहीत नसतं, तरी उघडतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून इंजिन धुऊन-पुसून, वर पॉलिश मारून चकाचक ठेवलेलं असतं. मी बोनेटकडे शेवटी जातो. नागपुरात माझं काम एवढंच, की कोणी सेकंडहँड गाडी घेत असेल तर सौद्याच्या आधी ती तपासायची आणि लेखी रिपोर्ट द्यायचा. पैसे गाडी घेणाऱ्याकडून. डीलरकडून चहासुद्धा नाही, त्यामुळे निम्मे डीलर मला यार्डात बघितलं की फोनवर बोलायला लागतात.

जीएसटी कमी झाल्यानंतरचे दिवस होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्या २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आल्या आणि जुन्या गाड्यांचा बाजार भांबावला. ज्यांनी आदल्या महिन्यात गाड्या उचलून ठेवल्या होत्या, ते भाव सोडायला तयार नव्हते. गिऱ्हाईक म्हणायचं, एवढ्यात तर नवीन येते. नवीनच्या किमतीत लोक एक्स-शोरूमचा आकडा धरतात, आपल्याकडचा ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा विसरतात, ही गोष्ट वेगळी.

अशात एक जोडपं आलं. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात इंजिनीअर, बायको बँकेत. माहेर सावनेरकडे, सासू-सासरे सोबत, म्हणून डिक्कीवाली गाडीच हवी. भाऊंनी एक्सेलशीट करून आणली होती. डिझायरच्या चार पिढ्या, २००८, २०१२, २०१७, २०२४. होंडा सिटीच्या २०१४ आणि २०२० च्या. कोणाची डिक्की ३७८ लिटर, कोणाची ५१०, कोणाला मागे एसीचे व्हेंट, कोणाचं इंजिन तीन सिलिंडरचं. एकही आकडा चुकलेला नव्हता. इंजिनीअर मंडळींचं हे मला फार आवडतं आणि त्याचीच धास्तीही वाटते, कारण शीटमध्ये गाडी कधीच कोणाच्या दारात उभी राहून जुनी झालेली नसते.

शीटमधला एक रकाना मात्र धोक्याचा होता. त्यात सालावरून पिढी ठरवली होती. २०१७ नंतरची म्हणजे नवी, असं. बाजारात तसं नसतं. नवी पिढी आली तरी जुनी लगेच मरत नाही. २०१७ ला तिसरी डिझायर आली, पण दुसरी ‘टूर एस’ नावानं टॅक्सीवाल्यांसाठी पुढे कितीतरी वर्षं निघत राहिली. सिटीचंही तेच. २०२० ला नवी आली, तरी जुनी २०२३ पर्यंत शोरूममध्ये तिच्या शेजारी उभी होती. त्यामुळे ‘२०२२ चं मॉडेल’ म्हटलं की खरं असतं, आणि तरी गाडी २०१४ च्या आराखड्याची असू शकते.

सकाळी मानेवाडा रोडवर बघितलेली डिझायर अशीच निघाली. साल २०१९, पाटी पांढरी, आकार जुना. डॅशबोर्डखाली हात घातला तर स्पीड गव्हर्नरच्या, म्हणजे टॅक्सीचा वेग अडवणाऱ्या यंत्राच्या, कापलेल्या वायरी टेपात गुंडाळून कोंबल्या होत्या. पण त्याआधीच मला कळलं होतं. घरच्या गाडीत ड्रायव्हरची सीट बसते. टॅक्सीत मागची डावी बसते, त्याच दाराचं हँडल झिजतं आणि त्याच बाजूचा उंबरठा बॅगा लागून खरवडतो. ताईंना मी मागे डावीकडे बसायला सांगितलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “चला, दुसरी बघू.” बोर्ड बदलून घेतलेली टॅक्सी घेणं गुन्हा नाही, पण घरगुती गाडीच्या भावात कशाला घ्यायची?

दुपारी रिंग रोडवरच्या एका यार्डात गेलो. पांढरी होंडा सिटी, एमएच ३१, मार्च २०१७, पेट्रोल मॅन्युअल, वरचं व्हेरिएंट, मागणी ५ लाख ४० हजार. ही २०१४ च्या पिढीतली फेसलिफ्टनंतरची, म्हणजे आराखडा तोच, वरवर सुधारलेली. त्या फेसलिफ्टपासून दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्या व्हेरिएंटला आले, म्हणून या पिढीत घ्यायचीच तर २०१७ पासूनची घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. गाडी दिसायला सुरेख होती. नागपूरच्या उन्हात आठ वर्षं काढलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहसा पांढुरका पडतो, हिचा काळाशार होता. म्हणजे पोर्चमध्ये राहिलेली.

रंगाची जाडी मोजली. छत, चारही दारं, चाकांवरचे पत्रे, सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन, कंपनीचाच रंग. काचांवरचे कोड २०१६-१७ चे. इथवर भाऊ खुश होते. मग मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला.

बेल्टाच्या तळाशी एक चिठ्ठी शिवलेली असते, ती कोणी वाचत नाही. तिच्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते. गाडी मार्च २०१७ ची आणि बेल्ट ऑक्टोबर २०२३ चा. शेजारचाही २०२३ चा. मागचे दोन्ही बघितले तर २०१७ चे, मूळचे.

आता पुढचेच बेल्ट का बदलतात? एक तर धडकेत एअरबॅग फुटल्या की सोबत बेल्ट आवळून धरणारे प्रीटेन्शनरही उडतात. पण धडक बसलेली गाडी सगळीकडे ११० मायक्रॉन दाखवत नाही. दुसरं कारण पाणी. सिटीत पुढच्या बेल्टाची गुंडाळी मधल्या खांबात खाली, जवळपास फरशीपाशी असते. मागच्याची वर, मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेपाशी. म्हणजे पाणी सीटपर्यंत आलं, ट्रेपर्यंत नाही. डिक्कीतली स्टेपनी काढली, तिच्या खळग्यातलं रबरी बूच उचकटलं. बोटाला करडा, वाळलेला, पिठासारखा बारीक गाळ लागला. गाडीत बाकी कुठेही घाण नव्हती, वास नव्हता, कार्पेट नवं होतं.

“काहून भाऊ, निघालं का काही?” डीलरनं विचारलं.

“पाणी निघालं.”

“एक थेंब नाही गेला जी! सिंगल ओनर गाडी आहे, प्रोफेसर साहेबांची.”

प्रोफेसर म्हटल्याबरोबर मी मोबाईलमध्ये नंबर टाकला. माझे रिपोर्ट गाडीच्या नंबरनं सेव्ह असतात. एक रिपोर्ट उघडला, २०२४ च्या सुरुवातीचा. ही गाडी मी आधी तपासली होती.

२२ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतरचा पाऊस नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली. अंबाझरी लेआउटमधले हे प्रोफेसर काका पहाटे उठले तेव्हा पोर्चमध्ये गुडघाभर पाणी होतं. त्यांनी गाडी सुरू केली नाही. दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची वायर काढली आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसले. त्या सकाळी शहरात किती जणांनी ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवली आणि इंजिनात पाणी ओढून घेतलं, ते त्या महिन्यात वर्कशॉपच्या बाहेरची रांग सांगत होती. साध्या विम्यात ते नुकसान सहसा बसत नाही, त्याला वेगळं इंजिन कव्हर लागतं. काकांचं इंजिन वाचलं. दुरुस्तीचा अंदाज विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या आत राहिला, म्हणून गाडी भंगारात न जाता दुरुस्त झाली.

आणि काकांकडे फाईल होती. विम्याच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट, वर्कशॉपची बिलं पानापानानिशी, फरशीखालची वायरिंग नवी, एअरबॅगचं कंट्रोल युनिट नवं (ते मधल्या कन्सोलखाली असतं, पहिलं तेच बुडतं), दोन्ही पुढचे बेल्ट, कार्पेट, सीटचा फोम, चाकांच्या बेअरिंगा, सगळी तेलं दोनदा बदललेली. बुडालेली गाडी एवढी नीट उभी केलेली मी क्वचित पाहिली आहे. तेव्हा मला नेणाऱ्या गिऱ्हाईकाला काकांनी दारातच सांगितलं होतं, “गाडी बुडाली होती. आधी हे वाचा, मग गाडी बघा.” गिऱ्हाईकानं फाईल उघडलीही नाही. मी रिपोर्टात ‘योग्य भावात घेण्यासारखी’ असं लिहिलं होतं. गिऱ्हाईकानं माझे पैसे दिले, आभार मानले आणि गाडी सोडली.

यार्डात उभा राहून मी अडकलो. रिपोर्ट ज्याच्या पैशाचा त्याचा, हा माझा नियम. जुना रिपोर्ट या जोडप्याला दाखवता येत नव्हता. आज माझ्या हाताला जे लागलं तेवढं सांगितलं, बेल्टाच्या तारखा आणि गाळ. पण तेवढ्यानं गाडीवर अन्याय होत होता. कागदाशिवाय ती ‘लपवलेली बुडालेली गाडी’ होती, कागदासह ती बाजारातल्या पुष्कळ गाड्यांपेक्षा बरी होती.

मग ताईंनी आरसी मागितली. एव्हाना गाडी दोन डीलरांच्या हातून गेली होती आणि आरसी अजून काकांच्याच नावावर. मालकी बदलायचे फॉर्म २९, ३० सही करून घेतलेले, तारीख कोरी. एप्रिल २०२३ पासून नियम आहे की डीलरनं गाडी ताब्यात घेतली की आरटीओला फॉर्म २९सी नं कळवायचं. कागदावर नियम सुंदर आहे. यार्डात विचारलं तर म्हणतात, “हो ना, करतो ना.” तोवर ट्रायलला घेऊन गेलेल्या पोरानं कोणाला ठोकलं, तर नोटीस अंबाझरी लेआउटला.

फोन करायला मला हे कारण पुरेसं होतं. काकांना सांगितलं, गाडी अजून तुमच्या नावावर आहे. ते अर्ध्या तासात स्कूटरवर आले. काखेत प्लास्टिकची पिशवी.

“फाईल कुठे आहे हो?” त्यांनी डीलरला विचारलं. “मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून दिली होती.”

डीलरनं खांदे उडवले. आपल्याकडे आली तेव्हा नव्हती म्हणाला. ते खरंही असेल, पहिल्यानंच फेकली असेल. काकांनी पिशवीतून झेरॉक्स काढल्या आणि ताईंच्या हातात दिल्या. बँकेतल्या बाईनं बिलं वाचली तशी बिलं वाचलेली मी पाहिली नाहीत. प्रत्येक पार्टचा नंबर, प्रत्येक शिक्का.

“काका, तुम्ही काहून आमचा धंदा खराब करता?” डीलर म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. काचेवरचा भाव वाचत होते. “पाच चाळीस?” ते म्हणाले. “मला दोन पंच्याहत्तर दिले. म्हणाले, बुडालेल्या गाडीला नागपुरात गिऱ्हाईक नाही.”

यावर कोणीच काही बोललं नाही. भाऊंनी एक्सेलशीट असलेला मोबाईल खिशात टाकला.

जोडप्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, घेऊ का? मी म्हटलं, या कागदांसह साडेतीनच्या आसपास मिळत असेल तर मी माझ्या भावाला घेऊ देईन. डीलर साडेचारच्या खाली उतरला नाही. पाण्याचं कळल्यावरही त्यानं नव्वद हजारच सोडले, यावरून मूळ भावात हवा किती होती ते समजा. ताई एवढंच म्हणाल्या, “गाडी चांगली असेल. पण ज्याच्याकडून घ्यायची त्याच्याकडून नाही घ्यायची.” आठवडाभरात त्यांनी नवी डिझायर बुक केली, बेसच्या वरची. डिक्की ३८२ लिटर, सिटीपेक्षा सव्वाशे लिटरनं कमी, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे. शीटमधल्या शेवटच्या ओळीवर ते आले, पण शीटमुळे आले असं मला वाटत नाही.

हे सगळं डोक्यातून जात नाही ते काकांमुळे. ज्यानं दारातच खरं सांगितलं त्याला पावणेतीन. ज्यानं कागद हरवले त्याची मागणी पाच चाळीस. आणि मध्ये मी, दोन्ही वेळा खरं लिहून. माझ्या धंद्यातले काही मित्र म्हणतात, काकांनी बोलायलाच नको होतं. असं म्हणणारे स्वतः गाडी घेताना मला बोलावतात.

महिनाभरानं त्या डीलरचा फोन आला. आवाज एकदम मऊ. “भाऊ, त्या प्रोफेसर साहेबांच्या फाईलची झेरॉक्स मिळते का? एक पार्टी आहे, तिला पाणी चालते, फक्त बिलं पाहिजे म्हणते.”

मी काकांचा निरोप विचारून सांगतो म्हटलं. काकांना विचारलं. ते म्हणाले, “देतो ना. आधी माझं नाव काढा म्हणावं, आरटीओचा कागद दाखवा, मग घरी येऊन घेऊन जा. आणि ओरिजिनल माझ्याकडेच राहील.”

डीलर ‘हो हो, उद्याच’ म्हणाला. परवा मी सरकारच्या ‘वाहन’ साइटवर नंबर टाकून पाहिला. अर्ध्या अक्षरांवर फुल्या मारलेलं नाव अजून काकांचंच आहे.