रिप्लाय क्लार्कनी लिहिला होता

फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो, हवालदार म्हणून 2014 ला घरी आलो आणि तेव्हापासून साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडं एका गाळ्यात बसतो. काम तेच, कागद. कुणाचा स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या पोर्टलवर, हयातीचा दाखला अडकलाय, कुणाच्या बायकोचं नाव रेकॉर्डला एक आणि आधारला दुसरंच, कुणाची फॅमिली पेन्शन. ह्यातच दोन-तीन महिन्यांनी एखादा माणूस असा येतो की जो आत यायच्या आधी बाहेर चपला काढून पाच मिनिटं उभा राहतो. तो दिसला की मला कळतं, हा पेन्शनवाला नाही, हा काढून टाकलेला आहे.

2019 ला दिवाळीनंतर असाच एक आला, बरोबर बायको. कागद खताच्या पिशवीत. वहिनींनीच बोलायला सुरुवात केली, हा गडी खाली बघत बसलेला. मी विचारलं कोर्ट मार्शल झालं का, तर म्हणाला "हो". कागद बघितले तर कोर्ट मार्शल कुठंच नाही. हे कायमचंच आहे. गावाकडं सगळ्याला कोर्ट मार्शल म्हणतात आणि दहा वर्षं लोकांचं ऐकून ऐकून त्या माणसालापण तसंच वाटायला लागतं.

फरक थोडक्यात सांगतो कारण सगळा खेळ त्यावरच असतो. डिसमिस म्हणजे शिक्षा, वीस वर्षं नोकरी झाली असली तरी पेन्शन-ग्रॅच्युइटी सगळं गेलं, फक्त अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही मिळालं तर मिळालं. डिस्चार्ज म्हणजे नुसतं घरी पाठवणं, त्यात पंधरा वर्षं भरली असतील तर जवानाला पेन्शन बसते. ह्याच्या डिस्चार्ज बुकात लिहिलं होतं "सर्व्हिसेस नो लॉन्गर रिक्वायर्ड", आर्मी रूल 13 खाली, आणि कॅरेक्टरपुढं "फेअर". ऐकणाऱ्याला वाटेल फेअर म्हणजे चांगलंच की. फौजेत एक्झम्प्लरी, व्हेरी गुड, गुड आणि मग फेअर येतं, म्हणजे फेअर बघितल्यावर समोरचा पुस्तक मिटून परत देतो. साखर कारखान्यावर माजी सैनिकाच्या जागेवर सिक्युरिटीचं काम होतं, पुस्तक दाखवायला लागेल म्हणून हा गेलाच नाही, त्याच गेटवर ठेकेदाराकडं साधा वॉचमन म्हणून कमी पगारात उभा राहिला. आठ वर्षांत ते पुस्तक त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं. मला पहिलं.

आता माझी सवय अशी की मी आधी मजकूर वाचत नाही, फक्त तारखा वाचतो. एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक उतरवतो. मजकूर सगळ्या केसमध्ये सारखाच असतो, फॉरमॅटच असतो, तारखा खोटं बोलत नाहीत. भरती डिसेंबर 1997. डिस्चार्ज ऑगस्ट 2011. म्हणजे तेरा वर्षं आठ महिने. पंधराला एक वर्ष चार महिने कमी. कमी पडलेला काळ माफ करून घ्यायची सोय आहे पण ती एक वर्षापर्यंतच, आणि त्यात गैरहजेरीचे दिवस नि शिक्षेचे दिवस नोकरीत धरत नाहीत. ते वजा केले तर साडेतेरापण राहत नव्हती. तो रस्ता बंद.

मग कंडक्ट शीट, म्हणजे शिक्षांच्या नोंदीचा कागद. चार रेड इंक एन्ट्री. मोठी शिक्षा झाली की ती लाल शाईनं लिहितात म्हणून रेड इंक. एक दारूची, 2006 ची. बाकी तीन सुट्टीवरून उशिरा परत आल्याच्या, ओएसएल म्हणतात, अकरा दिवस, तेवीस दिवस आणि एक्केचाळीस दिवस. त्या तिन्हीच्या तारखा कागदावर उतरवल्या आणि मी थांबलो. जानेवारी, फेब्रुवारी, डिसेंबर. म्हटलं गड्या तुझा ऊस आहे का. तर तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला, दीड एकर आहे.

तोडीला टोळी यायची नाही. भाऊबंदकीचं रान मधी, वाट मिळायची नाही, म्हातारा अंथरुणाला. आज येतो उद्या येतो करत मुकादम झुलवायचा आणि ह्याची सुट्टी संपायची. ऊस गेला की हा पण दुसऱ्या दिवशी गाडी पकडून युनिटला, स्वतःच्या पायानं, पोलीस घेऊन गेलेत असं एकदाही नाही. आता फौजेच्या हिशोबानं ही सबब नाहीच, मी स्वतः युनिटला असतो तर म्हणालो असतो, तुझ्या उसासाठी तिकडं पोस्टवर दुसऱ्यानं डबल ड्युटी करायची का. तो एक्केचाळीस दिवस घरी होता तेव्हा त्याचं सेक्शन काश्मीरमध्ये होतं. हे मी त्याला तोंडावर बोललो. तो "बरोबर आहे साहेब" म्हणाला, वहिनींना राग आला.

पण कायद्याचा मुद्दा वेगळाच होता. लोकांना, आणि खरं सांगायचं तर युनिटमधल्या बऱ्याच साहेब लोकांनापण, वाटतं की चार रेड इंक झाल्या की माणूस आपोआप बाहेर. नाही. आर्मी हेडक्वार्टरचं 28 डिसेंबर 1988 चं पत्र आहे, त्यात आधी प्राथमिक चौकशी करायला सांगितलीय, त्या माणसाला बोलावून. मग शो कॉज नोटीस, म्हणजे तुला का काढू नये ते सांग, मग त्याचं उत्तर, मग वरच्या कमांडरची मंजुरी. आणि त्याच पत्रात खाली टीप आहे की चार एन्ट्री झाल्या म्हणून काढलंच पाहिजे असं नाही, कमांडिंग ऑफिसरनं प्रत्येक एन्ट्री कशाबद्दल होती ते बघावं, पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये, त्यानं कुठल्या कुठल्या अवघड ठिकाणी नोकरी केलीय ते धरावं. ही टीप मला तोंडपाठ आहे. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2015 मध्ये वीरेंद्र कुमार दुबे केसमध्ये ह्याच पत्रावर बोट ठेवलं, चौकशी न करता नुसत्या चार एन्ट्री मोजून काढलेला डिस्चार्ज रद्द केला आणि तो जवान पेन्शन बसेपर्यंत नोकरीत होता असं धरायला लावलं. मागचा पगार नाही, पेन्शन मात्र द्या. आमच्यासारख्यांची निम्मी दुकानदारी त्या निकालावर चाललीय असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून चौकशीचा कागद शोधला. पिशवीत नव्हता. आरटीआय टाकली, उत्तर आलं, रेकॉर्डवर उपलब्ध नाही. मी गाळ्यात एकटाच टाळी वाजवली. आमच्या धंद्यात "उपलब्ध नाही" ह्यासारखा दुसरा पुरावा नाही.

राहिली नोटीस आणि तिचं उत्तर. नोटीस 18 जुलै 2011 ची. उत्तर पण 18 जुलै 2011 चं. एकाच दिवशी, बहुतेक एकाच तासात, कारण कागद तोच, टाइपचं वळण तेच. उत्तर इंग्लिशमध्ये, एकदम साफ, स्पेलिंगची एक चूक नाही. मजकूर असा की मला नोटीस समजली, माझ्या चुका मला मान्य आहेत, मला आणखी काही म्हणायचं नाही. खाली सही देवनागरीत, नाव शिकणाऱ्या पोरासारखी, अक्षरं सुटी सुटी.

मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"क्लार्क साहेबांनी."

"तुला वाचून दाखवलं का?"

"नाही. म्हणाले सही कर, घरी जायचं लवकर होईल. चांगला माणूस होता साहेब, चहा दिला त्यांनी."

ह्यावर मी काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक झेरॉक्स काढायला उठलो.

पुढचं भरभर सांगतो. फाइल पुण्याला वकील मॅडमकडं पाठवली, 2020 ला मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलला अर्ज लागला, सोबत उशीर माफीचा वेगळा अर्ज कारण मुदत सहा महिन्यांची आणि आमचा उशीर वर्षांमध्ये. मधी कोरोना. मॅडम हुशार आहेत पण फौजेची भाषा त्यांना येत नाही, जवानाच्या नोंदी ज्यात छापतात त्या पार्ट टू ऑर्डरवर "पार्ट टू ऑर्डर म्हणजे पार्ट वन कुठाय" असं एकदा विचारलेलं, तेव्हापासून तारखांचा तक्ता मीच करून देतो. मध्ये दुसरा एक एजंट ह्या माणसाला भेटून दहा हजार मागून गेला, मंत्रालयातून काम करतो म्हणाला. असले लोक आमच्याच गावातले, आमच्याच पलटणीतून आलेले असतात, ह्याची लाज वाटते.

सुनावणी 2023 ला. सातारहून पहाटेची एसटी, मग दादरवरून टॅक्सी, मलबार हिल. ह्या माणसानं लग्नातला कोट घातला होता, वहिनींनी डबा दिलेला. बेंचवर दोघं असतात, एक निवृत्त हायकोर्ट जज आणि एक फौजेतून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. एरवी पार्टीला कुणी विचारत नाही, वकील बोलतात, आपण मागं बसायचं. पण त्या दिवशी फौजवाल्या मेंबरनी फाइलमधून डोकं वर काढून थेट विचारलं, "अर्जदार आया है क्या?" हा उठला. उठला म्हणजे सावधान झाला, टाचा जुळल्याचा आवाज आला.

"शराब पीते थे?"

मॅडमनी मागं वळून बघितलं, मी मान हलवून नको नको करतोय. हा म्हणाला, "जी साहब, पीता था."

सरकारी वकिलांनी पेनाचं टोपण लावलं, म्हणजे झालंच.

"छुट्टी से लेट क्यों आते थे?"

"साहब, तोड नहीं आती थी."

जज साहेबांना कळेना कुठली तोड. मॅडम पुण्याच्या, त्यांनापण नीट सांगता येईना, "मिलॉर्ड, शुगरकेन हार्वेस्टिंग" वगैरे. मग मेंबर साहेबांनी माझा तारखांचा तक्ता काढला, बोट फिरवलं, जानेवारी, फेब्रुवारी, डिसेंबर, आणि बाजूला वळून जज साहेबांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ते काय होतं मला ऐकू आलं नाही. मग सरकारी वकिलांना एकच प्रश्न, प्राथमिक चौकशी झाली होती का. ते पानं उलटत राहिले.

निकाल आमच्या बाजूनं. डिस्चार्जचा आदेश रद्द, पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत नोकरीत होता असं धरायचं, मागचा पगार नाही, पेन्शनची थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती. मी पेढे आणले. त्यानं एक पेढा हातात धरून विचारलं, "मग पुस्तकातलं ते खोडणार का?" म्हटलं अरे आदेशच रद्द झाला, आता पेन्शन येईल. तो म्हणाला पेन्शन चांगलंच आहे, पण पुस्तकातलं?

ह्यावर मॅडमकडंपण सरळ उत्तर नव्हतं. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन द्यायचा आदेश, पुढच्या वर्षी आला. नवीन डिस्चार्ज बुकासाठी मी वेगळा अर्ज केला, दोन स्मरणपत्रं टाकली, पोच आली, पुस्तक नाही. खात्यात पैसे येतात आणि कपाटातल्या पुस्तकात अजून "नो लॉन्गर रिक्वायर्ड" आहे. आपल्याकडं पैशाचा आदेश कसाबसा खाली झिरपतो, शब्द बदलायचं टेबल कुठलं हे कुणाला माहीत नसतं. 15 ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांना खुर्च्या टाकतात, वहिनी म्हणाल्या यंदापण हे कंपाउंडच्या बाहेरच उभे होते.

पण मी हे लिहायला बसलो ते ह्यासाठी नाही.

2004 ला माझ्या युनिटमध्ये अशीच नोटीस मी टाइप केली होती. जवानाची नोकरी अकरा वर्षं, एन्ट्री चार. ॲडज्युटंट साहेब, म्हणजे युनिटचं ऑफिस बघणारे अधिकारी, म्हणाले संध्याकाळच्या डाकेला फाइल गेली पाहिजे. तो माझ्या टेबलापुढं उभा होता, म्हणाला साहेब मला इंग्लिश येत नाही, काय लिहू. मी म्हटलं थांब मी लिहून देतो, आणि दहा मिनिटांत लिहून दिलं. मान्य आहे, काही म्हणायचं नाही. वाचून दाखवलं नाही. त्यालापण चहा दिला होता, तेवढं लख्ख आठवतंय, स्टीलच्या मगात. मला तेव्हा मी मदत केली असंच वाटलं होतं, आणि अनेक वर्षं वाटत होतं. 1988 चं पत्र माझ्याच कपाटात होतं, फाइलला टॅग लावून. ती टीप मी तेव्हा वाचली नव्हती असं नाही. वाचली होती. विचारायला कुणी आलं नाही म्हणून सांगितली नाही.

हे मी त्या उसवाल्याला सांगितलं नाही. तो मला अजून "साहेबांनी केलं" म्हणून गावात सांगतो, सीझनला काकवीचा डबा आणून देतो, मी घेतो.

त्या 2004 वाल्याचं नाव मला आठवत नाही. आर्मी नंबरचे शेवटचे तीन आकडे आठवतात, कारण टाइप करताना नंबरच डोक्यात राहतो. आमच्या जुन्या युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, असा असा कुणी आठवतो का. एका सुभेदार साहेबांनी अंगठा पाठवला, दुसऱ्यानं गुड मॉर्निंगचं फूल. परवा एकाचा फोन आला, म्हणाला जतकडचा असावा, कन्फर्म नाही, आणि तुला आता त्याच्याशी काय काम आहे.

म्हटलं एक कागद राहिलाय.