मुलांना विचारायचं, म्हणजे त्यांचंच ऐकायचं का?

पालकांची बैठक असो की शिक्षकांचं शिबिर, मुलांच्या आयुष्यावर परिणाम करणारं काही ठरवताना मुलांनाही विचारा, असं मी म्हटलं की मागच्या रांगेतून प्रश्न येतोच: "म्हणजे आता ती म्हणतील तसं वागायचं का आम्ही?" त्यात थोडी चेष्टा असते आणि बरीचशी धास्ती. त्याचं उत्तर नीट सांगते.

नाही, तसं नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचं बारावं कलम एवढंच सांगतं, की ज्या मुलाला स्वतःचं मत आहे त्याला आपल्याशी संबंधित सगळ्या बाबतींत ते मांडता यावं आणि त्याचं वय नि समज पाहून त्या मताला वजन दिलं जावं. शेवटचा शब्द मुलाचाच, असं त्यात कुठेही नाही. किमान वयाची अटही नाही. ज्याला अजून बोलता येत नाही, ते मूलही तोंड फिरवून पुष्कळ काही सांगतं.

आजारी मुलाला "सुई टोचू का?" असं विचारू नये. ते ठरलेलं असतं आणि त्याचा नकार आपण ऐकणार नसतो. पण कुठल्या हाताला टोचायची, बघायचंय की मान वळवायचीय, मांडीवर बसायचं की पलंगावर, हे खरोखर त्याच्यावर सोडता येतं. जे ठरलंय ते ठरलंय म्हणून सांगावं आणि जे मोकळं आहे तेच विचारावं.

मोठ्यांच्या हातून नेमकं उलटं होतं. एका वाचनालयात मुलांचा विभाग व्हायचा होता. मुलांना बोलावून भिंतींचा रंग विचारला जात होता. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी नकाशाजवळ गेली, शेल्फच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही एवढी उंच कुणी ठरवली?" सुताराला काम आधीच दिलेलं होतं. कुणीतरी घाईघाईने पुन्हा रंगाकडे वळवलं, मुलांनी भराभर हात वर केले. फोटो मात्र छान आले!

मुलांना निर्णयांत कितपत सामील केलं जातं याचा अभ्यास करणाऱ्या रॉजर हार्ट यांनी १९९२ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. हार्ट या तिन्हींना सहभाग मानतच नाहीत. त्या बैठकीला मी तिसऱ्या पायरीवर ठेवीन.

घटस्फोटाच्या वेळी तर विचारण्याचंच ओझं होऊ शकतं. "आई हवी की बाबा?" हा प्रश्न मला क्रूर वाटतो. मत मांडणं हा मुलाचा हक्क आहे, त्याची सक्ती नाही. गप्प राहायचं असेल तर तेही चालायला हवं. त्यापेक्षा शाळेचं दप्तर कुठल्या घरी असावं, सुट्टीत मित्र कसे भेटतील, आईबाबांनी एकमेकांचे निरोप आपल्यामार्फत पाठवलेले चालतात का, हे विचारा. दोघांपैकी एकाची निवड करायला न लावताही मुलाकडून खूप काही कळतं.

बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी २००७ साली बाराव्या कलमाचा अर्थ चार गोष्टींत उलगडला: बोलायला जागा, बोलण्याची मुभा, ऐकणारं माणूस आणि बोलण्याचा परिणाम. पहिल्या तीन जमतात. चौथीपाशी घोडं अडतं, कारण त्यासाठी मुलांकडे परत जावं लागतं. हे घेतलं, हे पुढच्या वर्षी, हे जमणार नाही आणि का जमणार नाही, असं तोंडावर सांगावं लागतं. कारण पटलं नाही तर मुलं वाद घालतात, तोही ऐकावा लागतो.

"पण आमची पोरं 'काहीही चालेल' म्हणतात हो," अशी तक्रार चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे पालक करतात. मग मी विचारते, मागच्या खेपेला त्यांनी जे सांगितलं होतं त्याचं पुढे काय झालं, ते कळवलंत का त्यांना? बहुतेक वेळा राहून गेलेलं असतं. आधी ते सांगून टाका, नवा प्रश्न नंतर विचारा.