रत्नागिरी ते कोल्हापूर, आंबा घाटमार्गे: वेग घेताना ठोकणाऱ्या पिकअपचा माग

गाडी म्हणजे आंब्याच्या पेट्या भरलेली पिकअप, २.५ लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन (डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखाली डिझेल मिळतं). तक्रार एकच: ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून कोरडी टकटक, पाय उचलला की बंद. अशा आवाजावर पुष्कळ ठिकाणी पहिल्याच दिवशी ऑइल पॅन (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवतात आणि बेअरिंगं बदलतात. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. रत्नागिरी–कोल्हापूर रस्ता साधारण १३० किलोमीटरचा. सपाटी, घाट आणि उतार तिन्ही मिळत असल्यामुळे इंजिन न उघडताही आवाजाचं मूळ बऱ्यापैकी सापडतं.

पहिली तपासणी निघण्याआधी, इंजिन पूर्ण गार असतानाच करायची. डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर एखादा इंजेक्टर गळत असल्याची शंका तिथेच धरा. या गाडीत नेमकं तसंच होतं. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावर काजळीचा पट्टा दिसतो का ते पाहा. जोडातलं गॅस्केट गेलेलं असेल तर गार इंजिनावर टिकटिक मोठी येते आणि धातू तापून पसरला की कमी होते. पिस्टन सैल असल्याचा आवाजही तापल्यावर उतरतो. इथे हातखंबा गेलं, इंजिन पुरतं तापलं, तरी टकटक तशीच होती, म्हणून हे दोन्ही संशय बाजूला पडले.

पालीपर्यंत गिअरची परीक्षा. भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला रेटली तर चांगलं डिझेल इंजिनही कण्हतं. एक गिअर खाली घ्या, आरपीएम २००० च्या आसपास आणा. आवाज गेला तर दोष चालवण्यात आहे, गाडीत नाही.

साखरप्याला थांबा, घाटाआधी निवांत तपासायला ही बरी जागा. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या ग्लासात घ्या. तळाशी पाण्याचा थर दिसला तर तो निघून जाईपर्यंत सोडा. टाकीत चुकून पेट्रोल मिसळलं असेल तरीही इंजिन ठोकतं, कारण डिझेल वेळेवर पेटत नाही आणि साठलेलं एकदम भडकतं. मग चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल करा आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) हाताने हलवून पाहा. त्याच्या सांध्याचा क्रॉस किंवा मधलं सेंटर बेअरिंग सैल असेल तर खटका हाताला लागतो.

घाटात एकाने चालवावं, दुसऱ्याने फक्त ऐकावं. वेग तोच ठेवून गिअर बदला. टकटकीची लय गिअरबरोबर बदलली तर आवाज इंजिनाचा, लय तीच राहिली तर मागच्या शाफ्टचा किंवा चाकाचा. ही खूण फार भरवशाची आहे. वळणावर गाडी उभी करून बॉनेट उघडू नका. पावसाळ्यात इथे दाट धुकं असतं आणि दरडीही येतात.

आंबा गावापासून मलकापूरकडे जाताना जिथे उतार मिळेल तिथे गिअरमध्येच पाय उचला. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलेलं असेल तर पाय उचलतानाही ठोका येतो, कारण बेअरिंगवरचा भार उलटतो. इंजेक्टरचा ठोका मात्र तत्काळ थांबतो, कारण त्या क्षणी ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल तोडतो. या गाडीत उतारावर संपूर्ण शांतता होती. इथे खोल, जड ठोका आला किंवा ऑइलचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करा आणि गाडी टो करूनच न्या.

कोल्हापुरात पेट्या उतरवून उद्यमनगर या औद्योगिक भागात तपासणी झाली. आधी रिटर्नची चाचणी: चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या (न फवारलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन आयडलवर ठेवलं. चारही बाटल्या सारख्याच भरल्या. इथे बरेच जण इंजेक्टर चांगले म्हणून मोकळे होतात, आणि तिथेच फसगत होते. रिटर्नमधून आतल्या व्हॉल्व्हची झीज कळते, नोझलच्या टोकाची गळती कळत नाही. म्हणून पुढची चाचणी करायचीच. चावी बंद करून एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, इंजिन चालू करून ॲक्सिलरेटरला झटका द्या, मग चावी बंद करून तो जोडा आणि पुढचा काढा. तिसऱ्याचा कनेक्टर काढल्यावर टकटक थांबली. तो काढून टेस्ट बेंचवर लावल्यावर त्याच नोझलमधून डिझेल थेंबथेंब गळताना दिसलं. जुन्या पंपाच्या गाड्यांप्रमाणे इथे हाय प्रेशर पाइप सैल करून पाहू नका. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो आणि ती धार कातडीत घुसते.

इंजेक्टर बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा आणि त्याची बैठक काजळी खरवडून साफ हवी. इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या, नाहीतर नवा इंजेक्टरही ठोकू शकतो. कनेक्टर काढल्यामुळे नोंदले गेलेले दोष पुसायला सांगा. ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं असल्याने ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला, आणि जुना फिल्टर कापून घडीच्या कागदात बेअरिंगच्या धातूचा चमकता कण आहे का ते स्वतः पाहा. कण सापडला तरच ऑइल पॅन उतरवायचा.