धोटा घरात बसला! स्प्रिंगा काढल्या, स्टॉपर आत नेला

मंडळी, रविवारी संध्याकाळी माझ्या हातमागावर ५०० फटके मारले, म्हणजे दोरी ओढून धोटा (आडवा धागा घेऊन धावतो तो) ५०० वेळा इकडून तिकडे पाठवला. बाजूला वही ठेवून दर ५० ला एक रेघ ओढत होते. डाव्या पेटीत (मागाच्या टोकाचं धोट्याचं घर) धोटा २५० वेळा आला आणि २५० वेळा घरात बसला. एकदाही परतला नाही. आमच्या २४ पिकच्या (इंचाला २४ आडवे धागे) पंच्यात हे जवळजवळ २१ इंच कापड झालं आणि डाव्या काठाचा एकही धागा तुटला नाही. जूनपासून याच गोष्टीच्या मागे लागले होते. शेवटची रेघ ओढली आणि दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

उजव्या पेटीचं अजून जमलेलं नाही, त्याबद्दल पुढे.

आधी मागच्या नोंदीतली चूक दुरुस्त करते. दोन्ही पिकरना (पेटीतल्या सळईवर सरकत धोट्याला फटका देणारे ठोकळे) परतीच्या स्प्रिंगा लावल्याचं मी उत्साहानं सांगितलं होतं आणि तुमच्यातल्या दोघा-तिघांनी तशाच बसवल्याही. कृपा करून त्या काढा. स्प्रिंग असली की फटका मारल्याबरोबर पिकर मागे जातो आणि बाहेरच्या स्टॉपरला टेकून उभा राहतो. दिसायला नेटकं दिसतं, दोरीही हाताला हलकी लागते. पण समोरून येणाऱ्या धोट्याच्या वाट्याला मग भिंत येते. तो आपटतो, उलटतो आणि त्याचं टोक पेटीबाहेर डोकावतं. तेवढ्यात आपण पायडल बदललं की काठाचे धागे त्या टोकावर घासतात. माझे काठाचे धागे सतत का तुटत होते ते मला दीड महिना कळलं नाही. मी सुताला दोष देत होते, २/२० चा (२० नंबरचं दुपदरी सूत) लॉटसुद्धा बदलला. सुताचा काही दोष नव्हता.

धोटा उलटतोय हे कळल्यावरही मी चुकीच्या टोकालाच चिकटून बसले. मला वाटलं, बाहेरचा स्टॉपर फार कडक आहे, तो मऊ केला आणि मागेपुढे सरकवता आला की झालं. म्हणून पेटीच्या टोकाच्या सागवानी ठोकळ्यात टी-नट ठोकला, त्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि बोल्टच्या डोक्यावर गादी. बोल्टचा एक आटा म्हणजे सव्वा मिलिमीटर, तेव्हा पाव फेऱ्यानं जेमतेम ०.३ मिलिमीटरचा फरक करता येतो. एवढं बारीक ॲडजस्टमेंट मिळाल्याचा मला फार आनंद झाला होता.

तिथेही एक दिवस वाया गेला. नागदेवी स्ट्रीटवरच्या एका दुकानातून बोल्ट आणि चेकनट एकाच पुडीत घेतले. घरी आल्यावर नट दोन आटे सरळ गेला आणि तिसऱ्याला घट्ट. तेल घातलं, पाना लांब घेतला, आणि आटे सोलून निघाले. बोल्ट निघाला पाच-सोळांश इंची व्हिटवर्थ आणि नट मेट्रिक. जाडीत दोघांचा फरक केसाएवढा असल्यानं डोळ्याला कळत नाही, पण व्हिटवर्थचा आटा १.४ मिलिमीटरचा पडतो. तेव्हापासून दुकानातच, काउंटरवर, नट शेवटपर्यंत फिरवून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही देऊ नका. बाकी नागदेवीला तोड नाही. वॉशर, सर्क्लिप, ॲलन बोल्ट सुटे एक-दोनसुद्धा मिळतात.

गाद्यांचे प्रयोग मोजून केले. पेटीच्या तळाला पेन्सिलीनं ५-५ मिलिमीटरवर रेघा मारल्या आणि फोन २४० फ्रेमवर लावून चित्रण केलं. काळं रबर लावलं तेव्हा धोटा २८ मिलिमीटर परत आला. नमदा लावला, २२. धारावीहून आणलेल्या पट्ट्याच्या चामड्याच्या तीन चकत्या लावल्या, १४. रबर सगळ्यात वाईट का, याचा उलगडा नंतर झाला. रबर धक्का घेतं आणि जवळजवळ सगळा परत देतं. चामडं बराचसा गिळून टाकतं. जुन्या गिरण्यांत पिकर म्हशीच्या कातड्याचे असायचे ते उगाच नाही. (चामडं घेताना झाडाच्या सालीत कमावलेलं, कडक, तपकिरी घ्या. क्रोमवालं पर्सला चांगलं, इथे ते लोण्यासारखं दबतं.)

पण १४ मिलिमीटरसुद्धा फारच. आणि त्याखाली काही केल्या येईना.

मग बाबा. बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचा खात्यात (साचे म्हणजे गिरणीतले माग) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा चार साचे चालवत होते. आता ७९ वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत. मी फटके मारत होते आणि ते पलीकडच्या खोलीत पडले होते. तिथूनच म्हणाले, "अगं, डावीकडे दोन आवाज येतायत."

मी म्हटलं, "बाबा, दोन कुठले? एकच तर ठक होतंय."

"ठक आणि मागून टिक. तो टिक म्हणजे धोटा पिकरला सोडून निघाला. तुझा पिकर आधीच भिंतीला जाऊन बसलाय. धोट्याला तो ढकलत न्यायला मिळायला हवा."

मी थांबले आणि पुन्हा एक फटका मारला. खरंच, ठक-टिक. दोन महिने तो टिक माझ्या कानावर पडत होता आणि मला तो ऐकूच येत नव्हता.

त्या रात्री हिशेब मांडला. माझा भरल्या कांडीसकट (आतली धाग्याची रिळ) धोटा ३२० ग्रॅम. चित्रणात ४० सेंटीमीटर जायला २४ फ्रेम लागतात, म्हणजे वेग सेकंदाला ४ मीटर. एवढा धोटा गादीच्या ५ मिलिमीटरमध्ये थांबवायचा तर सरासरी ५२ किलो वजनाएवढा जोर लागतो. तोच पिकरला ढकलत ढकलत ७५ मिलिमीटरमध्ये थांबला तर साडेतीन किलो पुरतो! स्वेलचा (पेटीत धोट्याला बाजूनं दाबणारी पट्टी) दाब, सळईवरचं घर्षण आणि दोरीचा ओढा मिळून तेवढं आरामात होतं. गादी कितीही चांगली असली तरी ५ मिलिमीटर ते ५ मिलिमीटरच. १७३३ साली जॉन के यांनी धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून दोरी-पिकरचा गाभा हाच आहे. त्यात स्प्रिंगची भर मी माझ्या मनानं घातली होती.

स्प्रिंगा काढल्या. पहिल्याच दहा फटक्यांत सहा वेळा धोटा मस्त बसला, चार वेळा नाही. आता पिकर फटक्यानंतर जिथे सुटतो तिथेच राहतो, आणि तो कुठे राहणार हे मी दोरी किती जोरात ओढली त्यावर. कधी ४० मिलिमीटर आत, कधी ११०. पुन्हा फोन, पुन्हा रेघा. ५० च्या खाली प्रवास असला की धोटा उलटतो. ९० च्या वर गेला की उलट दुखणं, धोटा घरापर्यंत पोचतच नाही, अलीकडे १० मिलिमीटरवर अडकतो. मग पुढचा फटका आखूड बसतो आणि धोटा ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) मधोमध. ७० ते ८० मध्ये मात्र परतणं २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही.

इथे डोक्यात प्रकाश पडला. ज्याला बारीक ॲडजस्टमेंट हवंय तो स्टॉपर बाहेरच्या टोकाला नकोच, आतल्या टोकाला हवा. पिकर आत किती येणार हे ठरवलं की परतीचा प्रवास आपोआप ठरतो. दोरी हळू ओढा की जोरात, पिकर तिथेच थांबणार.

सळईवर एक कॉलर (लोखंडी कडं) सरकवली, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, टोकानं दाबून धरणारा) आवळला, ७५ वर लावली. बसले विणायला. अर्धा तास स्वर्ग. मग धोटा अलीकडे थांबायला लागला. मोजलं तर ८१. पुन्हा ७५ वर आणून आवळली. जेवणानंतर ८८.

पुढचे तीन आठवडे या कॉलरनं खाल्ले. पिकर तिच्यावर आदळतो, वरून माझा हात दोरी ओढतच असतो, आणि ग्रब स्क्रूचं टोक १० मिलिमीटरच्या गुळगुळीत ब्राइट बारवर किती धरणार? स्क्रू जास्त आवळला तर सळईवर कोर (धातूची धारदार कड) उठली. कॉलर सरकली की ती कोर उघडी पडायची आणि पिकरचं भोक आतून खरवडायची. सळईखाली तपकिरी भुसा पडलेला दिसला तेव्हा पोटात गोळा आला, कारण भिवंडीहून आणलेले चांगले पिकर ते. बाहेर काढून बघितलं तर भोकात एका बाजूला नखानं ओरखडल्यासारखी चर. (सुटे भाग घ्यायचे तर भिवंडीच. कांड्या, पिकर, धोट्याची टोकं सगळं मिळतं आणि दुकानदार हाताळू देतात.)

सळईवर कानशीनं सपाटी करून स्क्रू तिच्यावर बसवायचा, असं एकानं सुचवलं होतं. केलं. कॉलर हलली नाही. पण जागा एकच झाली, आणि मुंबईत एक जागा चालत नाही. पावसाची झड लागली की पेटीचं लाकूड फुगतं, धोटा आवळून येतो आणि ७५ वर तो घरी पोचत नाही, ७० हवं. दोन दिवस ऊन पडलं की ७८. दमट हवा सुताला चांगली, कापसाचा धागा दमटपणात जास्त ताकद धरतो, म्हणून मागाच्या खोलीत मी एसी लावत नाही. लाकूड मात्र रोज वेगळं वागतं. म्हणजे स्टॉपर सरकणारा हवा आणि न सरकणाराही हवा.

उत्तर साकीनाक्याच्या एका गाळ्यात मिळालं. लेथवाल्या दादांना सळईचा तुकडा आणि खराब झालेली कॉलर दाखवली. ते म्हणाले, "ताई, टोचू नका, कवळा." २५ मिलिमीटरच्या लोखंडी तुकड्याला सळईच्या मापाचं भोक पाडलं, एका बाजूनं उभी चीर दिली आणि चिरेतून आडवा ५ मिलिमीटरचा ॲलन बोल्ट. बोल्ट आवळला की कॉलर सगळीकडून सळईला मिठी मारते. एका टोकावर जोर नाही, म्हणून कोर नाही. पिकरच्या बाजूला चामड्याच्या दोन चकत्या. १८० रुपये घेतले आणि भोकाच्या कडा आतून गोल करून दिल्या, ते मी सांगितलंही नव्हतं. ॲलन की मात्र चांगली घ्या. माझ्या स्वस्त सेटमधली दुसऱ्याच दिवशी गोल झाली.

रविवारचे ५०० फटके याच कॉलरवरचे. आधी ७४, नंतर मोजलं तर ७४. बाबा पलीकडून म्हणाले, "आता एकच." एवढंच. पण उठून मागाजवळ आले, पेटीवर हात ठेवला आणि वीसेक फटके तसेच उभे राहिले.

उजवीकडे अजून ग्रब स्क्रूचीच कॉलर आहे. दर वीस मिनिटांनी मोजावी लागते. रविवारीही मधे मधे थांबून तिला जागेवर आणत होते. दुसरी चिरेची कॉलर बुधवारी मिळणार आहे.

हे लिहिताना एक गोष्ट सुचली आणि मध्येच उठून करून आले. कॉलरनं सगळा मार का खायचा? दोरी वरच्या कप्पीतून जाते. कप्पीच्या अलीकडे दोरीवर एक लाकडी मणी गाठ मारून बसवला आणि मण्यासमोर चामड्याची चकती. पिकर कॉलरपासून २ मिलिमीटरवर असताना मणी चकतीला टेकतो. हाताचा जोर वर संपतो, खाली कॉलरला पिकरचा थोडासाच धक्का बसतो. उजवीकडेच करून बघितलं. आत्ता ६० फटक्यांनंतर ग्रब स्क्रूवालीसुद्धा ७५ वर उभी आहे!

अडचण दोरीची. माझी सुती आहे, ओली झाली की आखडते, म्हणजे पावसात मणी सरकल्यासारखाच होणार. नायलॉन ताणतं. पडद्यांना वापरतात ती विणलेली पॉलिएस्टर दोरी कोणी मागाला लावली आहे का? ३ मिलिमीटरची. लावली असेल तर किती ताणते ते मोजून सांगा, मी उद्या दादरला दोन मीटर घेऊन येते. मण्याची गाठही पक्की नको, सरकवता येणारी हवी. सध्या कापडी पिशवीच्या नाडीवरचं दाबून सोडायचं प्लॅस्टिकचं बटण लावून बघतेय, ते ४० फटक्यांत घसरलं.

हे जमलं तर बुधवारी गाळ्यातून कॉलरसोबत तशीच चिरेची एक छोटी, ३ मिलिमीटर भोकाची, दोरीसाठी करून आणीन. अडकलेल्या धोट्यासाठी डॅगर (धोटा मधेच अडकला की मागाला रोखणारा दांडा) बसवायचं म्हणत होते, ते आता दिवाळीनंतर. आज रात्री उजवीकडे आणखी २०० मारते, नऊच्या आत, खालच्या काकूंना तसा शब्द दिलाय.