मुलीची अ‍ॅलर्जी आणि आमच्या घरातले दोन गिनीपिग : माझा अनुभव

घरात गिनीपिग आहेत आणि मूल सकाळ-संध्याकाळ शिंकतंय, डोळे चोळतंय, रात्री खोकून खोकून उठतंय, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. कुत्र्या-मांजराच्या अ‍ॅलर्जीबद्दल कोणीही चार गोष्टी सांगतं पण गिनीपिग म्हटलं की आमच्या नाशकात अजूनही "तो उंदीर आहे का ससा" इथूनच सुरुवात करावी लागते (तो उंदरासारखाच कुरतडणारा, पण बिनशेपटीचा गुबगुबीत प्राणी), म्हणून आम्हाला जे जे कळत गेलं ते एकदा नीट लिहून ठेवते.

आम्ही इंदिरानगरला राहतो, टू बीएचके, मुलगी आता नऊ वर्षांची, सासूबाई आमच्यासोबतच असतात. चिकू आणि बुंदी या आमच्या दोन माद्या. दोन का तर गिनीपिग कळपात राहणारा प्राणी, एकटा ठेवला की तो उदास होऊ शकतो, कोपऱ्यात बसून राहतो. फ्रीजचं दार उघडलं की दोघी "वीक वीक" करून सगळं घर डोक्यावर घेतात, कारण त्यांना माहितीये की कोथिंबीर तिथून येते. मुलीचा जीव आहे त्यांच्यावर, आणि खरं सांगायचं तर आमचाही.

त्रास सुरू झाला थंडीत. नाशिकची थंडी माहितीच आहे सगळ्यांना, खिडक्या दारं बंद, आणि पिंजरा तेव्हा मुलीच्याच खोलीत होता. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग, नाक गळणं, डोळे लाल, आणि बुंदीला हातावर घेतलं की नखं लागलेल्या जागी लगेच गांधी उठायच्या. आसपासच्या सगळ्यांकडे याचं काही ना काही कारण तयार होतं. कोणी म्हणे हवा बदललीय, कोणी म्हणे द्राक्षबागांच्या फवारण्या सुरू आहेत त्याचं असेल, सासूबाई म्हणाल्या थंडगार पाणी पिते म्हणून. एका डॉक्टरांकडून सर्दी-खोकल्याचीच औषधं, अधूनमधून अँटिबायोटिक, बरं वाटायचं आणि परत तेच.

मला शंका आली ती दिवाळीच्या सुट्टीत. माझ्या भावाकडे पिंपळगाव बसवंतला गेलो होतो, चारी बाजूंनी द्राक्षाच्या बागा, फवारणी, माती, गाई, सगळं होतं आणि पोरगी एकदाही शिंकली नाही, रात्री शांत झोपायची. घरी परत आलो, तिने पळत जाऊन चिकूला उचलून गालाला लावलं आणि रात्रीपर्यंत एक डोळा सुजून बंद. बाहेरगावी गेल्यावर बरं वाटतं आणि घरी आल्यावर परत सुरू होतं, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, आमच्या केसमध्ये त्यांनी सगळ्यात आधी हेच लिहून घेतलं.

पण अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधी एक वाईट रात्र गेली. मुलगी झोपेतून उठली, श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजत होती, बोलताना दोन शब्दांनंतर थांबत होती आणि श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. ही शेवटची गोष्ट प्रत्येक आईला माहिती असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, हे दिसलं की वाफारा, काढा, सकाळपर्यंत बघू वगैरे काही नाही, तडक दवाखाना. तिथे नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा श्वासातून देणारं यंत्र) दिला, ऑक्सिजन लावला, पहाटेपर्यंत बरी झाली. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं की हा नुसता खोकला नाही, दमा आहे आणि अ‍ॅलर्जीवाल्या डॉक्टरांना दाखवा.

आता टेस्टबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे खूप गोंधळ असतो. दोन प्रकार असतात. एक स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे हातावर पेनने नंबर टाकतात, प्रत्येक नंबरापाशी एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघतात कुठे गांध उठली. त्यात एक थेंब हिस्टामिनचा (अ‍ॅलर्जीत शरीर जे सोडतं त्याचा) असतो, तो फुगलाच पाहिजे, आणि एक साध्या सलाइनचा, तो फुगायला नको, म्हणजे टेस्ट नीट झालीय हे कळतं. सलाइनपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध आली तर पॉझिटिव्ह धरतात. टोचण्याने मुलं फारशी रडत नाहीत, पण नंतर हात खाजतो आणि खाजवायचा नाही हे त्यांना जड जातं, त्यामुळे सोबत एखादं पुस्तक असू द्या. या टेस्टच्या आधी सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवायला लागतात, नाहीतर खोटं निगेटिव्ह येतं, पण इनहेलर आपल्या मनाने बंद करायचं नाही, ते डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी रक्ताची टेस्ट, स्पेसिफिक आयजीई, म्हणजे त्या एका गोष्टीविरुद्ध रक्तात तयार झालेली अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं मोजतात. तिला कुठलीही गोळी बंद करावी लागत नाही. आमच्याकडे प्रिक टेस्टच्या सेटमध्ये कुत्रा, मांजर, झुरळ, धूळ, परागकण सगळं होतं पण गिनीपिग नव्हता, म्हणून गिनीपिगसाठी वेगळं रक्त पाठवलं. त्या टेस्टचा कोड ई 6 असतो, लॅबवाल्याला तो सांगितला की चटकन कळतं. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा की तुमच्या सेटमध्ये गिनीपिग आहे का, नसेल तर पोराला उगाच दोनदा टोचून घ्यायला लागतं. आणि नुसती टोटल आयजीई करून काही उपयोग नाही, तिच्यावरून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते कळतच नाही, जंत असले तरी ती वाढते.

आमचा निकाल असा आला की गिनीपिग पॉझिटिव्ह, रक्तात क्लास 3 (शून्य ते सहाच्या पट्टीवर), धुळीतले किडे म्हणजे डस्ट माइट प्रिक टेस्टमध्ये चांगलेच पॉझिटिव्ह, आणि टिमथी गवत निगेटिव्ह. हे शेवटचं फार महत्त्वाचं ठरलं कारण गिनीपिगचं मुख्य खाणं वाळलेलं गवत, आणि काही घरांमध्ये प्राण्यावर संशय असतो आणि खरा त्रास गवताचा किंवा त्यातल्या बुरशीचा निघतो. म्हणून कोणाचं ऐकून प्राणी हाकलायच्या आधी टेस्ट करा आणि कोणाचं ऐकून प्राणी ठेवायच्या आधीसुद्धा टेस्ट करा, दोन्ही तितकंच महत्त्वाचं.

डॉक्टरांनी हेही समजावलं की अ‍ॅलर्जी केसांची नसते. गिनीपिगच्या लाळेत, लघवीत आणि कातडीच्या कोंड्यात काही प्रथिनं असतात, त्यांना कॅव्ह पी 1, कॅव्ह पी 2 अशी नावं आहेत. तो अंग चाटतो, लाळ वाळते, लघवी वाळते आणि ते बारीक कण हवेत तरंगत राहतात. त्यामुळे बिनकेसांचे गिनीपिग मिळतात ते आणले तरी सुटका नाही, लाळ आणि लघवी त्यांनाही आहेच.

त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की सगळ्यात खात्रीचा उपाय प्राणी घरात नसणं हाच, त्यातून दमा असेल तर जास्तच. आम्ही वेळ मागितला. त्यांनी दिला पण अटीवर : औषध रोज नियमित, घरात बदल करायचे, पीक फ्लोची, म्हणजे फुंकरीच्या जोराची, नोंद ठेवायची, आणि परत एकदा तशी रात्र आली तर प्राणी दुसऱ्या घरी. पिंपळगावचा मामा त्यासाठी तयार आहे, मुलीलाही हे आधीच सांगून ठेवलंय, तिच्यापासून लपवलेलं नाही. मोकळ्यावर सोडणं हा पर्याय कधीच नव्हता, पाळलेला गिनीपिग बाहेर कुत्र्या-मांजरांपुढे जगत नाही.

घरात पहिला बदल म्हणजे झोपायची खोली. पिंजरा तिथून हलवला, दार कायम बंद, आणि गिनीपिगला तिथे प्रवेश नाही म्हणजे नाही. गादी-उशीला माइटच्या बंद खोळी, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात, सॉफ्ट टॉय जवळजवळ सगळे कपाटात. मूल दिवसाचे आठ-नऊ तास त्या खोलीत श्वास घेतं, म्हणून माझ्या मते पैसे आणि मेहनत आधी तिथे लावावी. हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कण अडवणारा) हवेचा प्युरिफायर पण तिथेच ठेवलाय. त्याने फरक पडतो, पण भिंतीला, पडद्याला चिकटलेलं तो ओढून घेत नाही, तेवढ्यावर विसंबू नका.

पिंजरा कुठे ठेवायचा यावर घरात खूप चर्चा झाली. सगळे म्हणाले गॅलरीत ठेवा. पण गिनीपिगला घाम येत नाही, 27 अंशांच्या पुढे त्याला त्रास व्हायला लागतो, आणि नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या गॅलरीत तो उष्माघाताने जाईल. शेवटी हॉलच्या उत्तरेकडच्या खिडकीशी जागा केली, उन्हाळ्यात खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेली बर्फाची बाटली, दोघी तिला चिकटून पसरतात. कूलर त्या कोपऱ्यावरून हॉलभर वारा मारणार नाही असा वळवून ठेवतो.

आधी आम्ही खाली वखारीतला लाकडाचा भुसा घालायचो. तो पूर्ण बंद केला, त्याची धूळ मुलीलाही वाईट आणि गिनीपिगच्या फुफ्फुसांनाही वाईट. आता खाली जुने टॉवेल, वर फ्लीसचं कापड. रोज लेंड्या गोळा करायच्या आणि ओली जागा पुसायची, कारण लघवी वाळून उडायच्या आधी उचलली तरच उपयोग. कापड गॅलरीत झटकायचं नाही, पिंजऱ्यापाशीच गुंडाळून पिशवीत आणि पिशवीसकट मशीनमध्ये, सॉफ्टनर घालायचं नाही, त्याने फ्लीस पाणी शोषून खाली सोडत नाही. हे काम मी किंवा नवरा करतो, मुलगी शाळेत असताना, मास्क लावून, आणि मग खिडक्या उघड्या. गवत पण तेव्हाच भरतो. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते म्हणून थोडं थोडंच आणतो आणि कागदी पिशवीत ठेवतो.

झाडूचा विषय वेगळाच. आमच्या मावशी खूप मनापासून काम करतात, पण पिंजऱ्याभोवती फडा मारला की सगळं परत हवेत. त्यांना बसवून सांगितलं, आता हॉलमध्ये आधी ओलं फडकं आणि मग बाकी. त्यांच्या नातवालाही दमा आहे, तेव्हा एकदा कारण कळल्यावर परत सांगावं लागलं नाही.

मुलीला प्राण्यांपासून तोडलं नाही पण कामं बदलली. दर रविवारी दोघींचं वजन वहीत लिहायचं, आणि खाणं तयार करायचं तिने. गिनीपिगच्या शरीरात आपल्यासारखंच सी व्हिटॅमिन तयार होत नाही, रोज बाहेरून द्यावं लागतं, म्हणून पेरूची फोड, सिमला मिरची, कोथिंबीर हे ती चिरते. द्राक्षं नाशिकची असली तरी साखर फार, कधीतरी एखादं, तेही चांगलं धुऊन. मांडीवर घ्यायचं तर बाबांचा जुना फुल शर्ट खुंटीला टांगलाय तो घालायचा, चेहऱ्याजवळ न्यायचं नाही, नंतर शर्ट काढून ठेवायचा आणि हात-तोंड साबणाने धुवायचं. सुरुवातीला रडारड झाली, आता ती स्वतःच मैत्रिणींना नियम सांगते.

औषधांची नावं-डोस मी मुद्दाम देत नाही, प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. आमच्याकडे नाकाचा स्प्रे, रोजचा स्टिरॉइड इनहेलर आणि त्रास झाला तरच घ्यायचा दुसरा इनहेलर असं आहे, दोन्ही इनहेलर स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून. "पंपाची सवय लागते, एवढ्याशा पोरीला स्टिरॉइड कसलं देता" हे सासूबाईंना काळजीने वाटत होतं, म्हणून पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की आजी, गोळीतला डोस मिलिग्रॅममध्ये असतो आणि पंपातला मायक्रोग्रॅममध्ये, मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि तो थेट फुफ्फुसात जातो. त्या दिवसापासून इनहेलर घेतल्यावर नातीला चूळ भरायला लावायचं काम आजीकडे आहे. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यायचा, फडक्याने पुसला तर आत औषध चिकटून बसतं, हे आम्हाला खूप उशिरा कोणीतरी सांगितलं. नाकाच्या स्प्रेचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, आणि त्याचा गुण यायला काही दिवस जातात, दोन दिवसांत सोडू नका.

पीक फ्लो मीटर म्हणजे जोरात फुंकायची नळी, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा. तिच्या सगळ्यात चांगल्या आकड्याच्या 80 टक्क्यांवर असेल तर हिरवा, 50 ते 80 पिवळा, खाली लाल. पिवळ्यात काय करायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय, तो कागद फ्रीजवर आहे आणि त्याची एक प्रत शाळेत. लाल म्हणजे औषध देऊन लगेच दवाखाना.

आत्ता कुठे आलोय तर ही थंडी नेब्युलायझरशिवाय गेली, रात्रीचा खोकला नाही, रोजच्या इनहेलरचा डोस डॉक्टरांनी कमी केलाय. शिंका अजून आहेत, विशेषतः गवताचा नवीन गठ्ठा उघडला त्या दिवशी. ज्यांचं मूल इतकं करूनही त्रासलेलं राहतंय त्यांनी प्राणी चांगल्या घरी द्यावा असंच मी म्हणेन, आणि दिल्यावरही लगेच फरक दिसला नाही तर घाबरू नये, ही प्रथिनं घरात काही महिने राहू शकतात, सोफे-पडदे धुवावे लागतात. आमचं ठरलंय की चिकू-बुंदीनंतर नवीन गिनीपिग आणायचा नाही, मुलीने मान्य केलंय. माइटसाठी इम्युनोथेरपी (ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याचेच हळूहळू वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणं) करायची का हे पावसाळ्यानंतरच्या तपासणीत ठरेल, गिनीपिगसाठी मात्र तो मार्ग आम्हाला डॉक्टरांनी सुचवलेला नाही.