टेट्राहायमेनाचे मायटोकॉन्ड्रियल जीनोम एकाखाली एक लावताना

नात्यातल्या प्रजाती घेतल्या की तुलना सोपी, असं सगळे सांगतात. माझं काम मात्र सोप्या वाटणाऱ्या जागीच जास्त रेंगाळलं.

जेनबँक या डीएनए सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहातून टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या (सिलिएट गटातल्या) पाच प्रजाती घेतल्या: थर्मोफिला, पायरिफॉर्मिस, मॅलॅकेन्सिस, पिगमेंटोजा आणि पॅराव्होरॅक्स. प्रत्येकीचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए, ४७ हजार बेस जोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास. शिवाय हा डीएनए गोल नाही, सरळ आहे. त्यामुळे सुरुवात कुठून धरायची ही कटकट नाही.

आधी कोडॉनचा, म्हणजे कोणती तीन अक्षरं कोणतं अमिनो आम्ल बसवतात याचा, तक्ता बदलला. एरवी यूजीए हा कोडॉन आला की प्रथिन संपतं. इथे त्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बसतं. जेनबँकेतला ४ नंबरचा तक्ता लावला नाही, तर धडधाकट जनुकंही मध्येच तुटलेली दिसतात.

जनुकांच्या क्रमात फारसं काही हाती लागत नाही, तो जवळपास तोच. एनएडी-१ जनुकाचे दोन तुकडे लांब लांब पडलेत, हा विक्षिप्तपणासुद्धा सामायिक!

टोकांनी मात्र वेळ खाल्ला. थर्मोफिलाच्या टोकांना ५३ बेस जोड्यांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. टेट्राहायमेनाच्या सहा प्रजातींत हे तुकडे वेगवेगळे असल्याचं १९८८ सालीच दाखवलं गेलंय. पण एका रेणूत तो किती वेळा येतो हे ठरलेलं नसतं. म्हणून टोकं छाटली आणि मगच लांबीची तुलना केली. नाहीतर आपण मोजतो जीनोम आणि फरक निघतो नोंदीतला.

मग अलाइनमेंट, म्हणजे सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी मिळूनच पाऊणशेहून अधिक टक्के, त्यामुळे कोडॉनच्या तिसऱ्या जागेवर विश्वास ठेवणं कठीण. तिथे एकाच ठिकाणी अनेकदा बदल होऊन गेलेले असतात. आधी अमिनो आम्लं जुळवली, त्यावरून कोडॉन बसवले. कॉक्स-१, कॉब ही जनुकं निमूट बसली. वायएमएफ नावाची जनुकं बसेनात. ती झपाट्याने बदलतात, आणि सिलिएट गटाबाहेर त्यांचे नातलग नुसत्या सिक्वेन्सवरून सापडत नाहीत. सगळ्यांत रस मला याच जनुकांत वाटला. वायएमएफ-६६ म्हणजे एटीपी सिंथेजचा (पेशीचं ऊर्जा-रेणू एटीपी बनवणाऱ्या प्रथिन-यंत्राचा) 'ए' घटक, हे पक्कं झालं ते २०२० मध्ये, आणि तेही क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने प्रथिनाची रचना पाहिल्यावर. वायएमएफ जनुकं अशी नीट जुळत नसल्याने ती मी प्रजातींच्या एकत्र वंशवृक्षात घातली नाहीत. त्यांचा वेगळा तक्ता केला, आणि संशयास्पद पट्टे हाताने काढले.