मागच्यापेक्षा बरी

दुपारी हिंगाची नवी डबी फोडली. खडा हिंग नव्हे, साधी पूडच. तरी झाकण निघाल्याबरोबर वास थेट डोक्यात गेला. थोड्या वेळाने मी तिथेच ओट्याशी उभी होते आणि हिंगाचा मागमूस नव्हता. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय गं, हिंगाची गोणी सांडलीस की काय?" मी जोरात हुंगून पाहिलं. काही नाही. माझ्यापुरता हिंग संपला होता.

नाकाचं हे वागणं मला कधीच आवडलेलं नाही. परगावाहून परतल्यावर कुलूप उघडलं की आपल्या घराला एक वास येतो. मिनिटभरात तो जातो, आणि मला नेमका तोच धरून ठेवायचा असतो. मग बॅगा आत टाकून पुन्हा जिन्यापर्यंत जायचं, चार श्वास घ्यायचे, परत आत यायचं. घरचे आता विचारत नाहीत.

या नादात इकडचं तिकडचं वाचता वाचता मी ई. कोलायपाशी पोचले. हा जिवाणू आपल्याच आतड्यात राहतो, लांबी दोनेक मायक्रोमीटर. नाक नाही, मेंदूचा तर प्रश्नच नाही. पण वास घेणं आणि घेतलेला वास विसरणं, दोन्ही त्याला येतं. त्यासाठी त्याच्याकडे पाच प्रकारची प्रथिनं आहेत. टार नावाचं प्रथिन ऍस्पार्टेट ओळखतं, टीएसआर सेरीन ओळखतं (दोन्ही अमिनो आम्लं), एर प्राणवायूची चाहूल घेतं.

टारचं चित्र मी बराच वेळ बघत बसले होते. साधारण तीस नॅनोमीटर लांबीची किडकिडीत काठी, आणि तीही एकटी नाही, एकमेकींना बिलगून उभ्या असलेल्या दोन. वरचं टोक पेशीच्या आतल्या पटलाच्या, म्हणजे पातळ आवरणाच्या, बाहेर डोकावतं, मधला तुकडा पटलातून आरपार जातो आणि बाकीची बरीचशी काठी पेशीच्या आत. गंमत अशी की ऍस्पार्टेट बसायची खाच कुठल्याच एकीच्या मालकीची नाही, ती दोघींच्या सांध्यात आहे. रेणू तिथे येऊन बसला की पटलातून जाणारं एक सर्पिल, म्हणजे काठीचा स्प्रिंगसारखा वळलेला भाग, किंचित आत सरकतं. किती? एक-दोन अँगस्ट्रॉम, म्हणजे एखाद्या अणूच्या रुंदीएवढं. एवढ्याशा हालचालीची बातमी काठीच्या पार खालच्या टोकापर्यंत जाते.

खाली तर सगळा गोतावळाच आहे. तीन-तीन जोड्यांची टोकं एकमेकांना टेकलेली, अशा त्रिकुटांची षटकोनी जाळी विणलेली, आणि ही हजारो काठ्यांची जाळी बहुतेक वेळा पेशीच्या एका टोकाला. जाळीच्या बुडाशी एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, आहे. वर काही गोड लागलं की ते गप्प बसतं. जिवाणूच्या पोहायच्या शेपट्या घड्याळाच्या उलट फिरत राहतात, त्यांची जुडी वळते आणि जिवाणू सरळ पोहतो. गोडी ओसरली की एन्झाइम जागं होतं, शेपट्यांची मोटार घड्याळाच्या दिशेने फिरू लागते, जुडी सुटते, जिवाणू जागच्या जागी कोलमडतो आणि मग तोंड वळेल तिकडे निघतो. सरळ पोहणं सेकंदभर, कोलमडणं सेकंदाचा दहावा हिस्सा. हॉवर्ड बर्ग यांनी एकेका जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक बांधला आणि 1972 मध्ये हे मोजून दाखवलं. यात सुकाणू कुठेच नाही. बरं चाललंय तर चालू दे, नाहीतर वळ कुठेही, एवढाच कारभार.

त्याच्या आधी विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्यूलियस ॲडलर यांनी एक जुनी युक्ती पुन्हा काढली होती. जर्मनीच्या विल्हेल्म फेफर यांची, 1880 च्या दशकातली: बारीक काचनळीत पदार्थ भरायचा, ती जिवाणूंच्या पाण्यात ठेवायची आणि आत कोण कोण शिरतं ते बघायचं. ॲडलर यांचा सवाल होता की हे अन्नाकडे जातात की चवीकडे. ज्यांना गॅलॅक्टोज नावाची साखर पचवताच येत नव्हती असे जिवाणूही गॅलॅक्टोजच्या नळीकडे धावले. म्हणजे ओळखणारं अंग वेगळं आणि पचवणारं वेगळं. 1969 साली त्यांनी ते लिहून टाकलं. आमच्या आत्याची साखर डॉक्टरांनी बंद केली तेव्हा ती श्रीखंडाचा डबा उघडायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि झाकण लावून ठेवायची. तिला नळीची गरज नव्हती.

आत्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. या बाईने आयुष्यात कशाला चांगलं म्हटलं नाही. सुट्टीत ती आमच्याकडे यायची. पहिल्या दिवशी आई आमटी वाढायची आणि वाढून तिथेच उभी राहायची. आत्या एक भुरका मारायची, जरा थांबायची. आम्ही पोरंही थांबायचो. मग निकाल लागायचा: "मागच्यापेक्षा बरी झालीय, वहिनी." किंवा नुसतं, "गेल्या खेपेला गूळ नीट पडला होता." माझे मार्क सहामाहीपेक्षा बरे असायचे, आमचा नवा फ्लॅट जुन्या खोल्यांपेक्षा बरा होता. धाकट्या जावयाला ती भर मांडवात "थोरल्यापेक्षा बरा" म्हणाली होती, आणि थोरला शेजारीच पानाला चुना लावत बसला होता.

जिवाणूही आत्याच्याच जातकुळीचा. 1972 मध्येच बर्कलीला मॅकनॅब आणि कोशलँड यांनी, ई. कोलायच्या नव्हे तर त्याच्या भाऊबंदातल्या साल्मोनेलाच्या पाण्यात, एकदम सेरीन मिसळलं. सगळीकडे सारखंच सेरीन, कुठे कमी नाही की जास्त नाही. तरी सगळे खूश होऊन सरळ पोहत सुटले. म्हणजे ते इथे आणि तिथे यांची तुलना करतच नव्हते, आत्ताची आणि मघाची करत होते. ई. कोलायचा हिशेबही पुढे कळला: गेला एक सेकंद आणि त्याआधीचे साधारण तीन. बस, एवढीच आठवण.

ती आठवण काठीवरच लिहिलेली असते. काठीच्या आतल्या भागावर चार जागा आहेत. एक प्रथिन तिथे मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन एवढासा तुकडा) चिकटवतं, दुसरं ते काढतं. गोडी टिकून राहिली की मिथिल वाढत जातात आणि एन्झाइम पुन्हा पहिल्यासारखं काम करू लागतं. बाहेर ऍस्पार्टेट तेवढंच असतं, पण आता त्याचं कौतुक उरत नाही. आपल्या नाकाची यंत्रणा वेगळी आहे, हे मला माहीत आहे. तरी हिंगाचा माझा राग थोडा कमी झाला. मिथिल चिकटवणारं प्रथिनच ज्यांच्यात नाही असे ई. कोलायही प्रयोगशाळेत तयार केलेत. ते कोलमडत नाहीत, वळत नाहीत. नुसते सरळ पोहत राहतात, सगळं बरंच चाललंय अशा थाटात.

शेवटी शेवटी आत्याला काही आठवेनासं झालं. माणसं गेली, मग गावं, मग सकाळी काय खाल्लं तेही. आम्ही तिला आमच्याकडेच आणलं होतं. एकदा आईने तिला आमटीभात कालवून दिला आणि सवयीने तिथेच उभी राहिली. आत्याने घास घेतला, वर बघितलं आणि फार आदराने म्हणाली, "छान झालीय हो आमटी. तुम्ही केलीत का, बाई?"

आईला काही सुचेना. ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी तिच्या मागोमाग गेले, पातेल्यातली आमटी पळीवर घेऊन चाखली. मीठ जरा जास्तच पडलं होतं.